ज्ञानेंद्रिय-शिक्षणाच्या दोन परंपरा आणि मालवण किनाऱ्यावरील मूल

१

शिमग्याच्या ढोलाचा पहिला ठोका पडताच कानांवर हात दाबून घराच्या आतल्या खोलीत जाऊन बसणारे, ओल्या वाळूवर पाऊल टाकावयास नकार देणारे, नव्या सदऱ्याची शिवण अंगाला लागते म्हणून आकांत करणारे. किंवा याच्या अगदी उलट, जांभ्याच्या दगडावर ठेचकाळून रक्त आले तरी ज्याला त्याची दखल नाही आणि जे दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरत राहते, असे मूल कोकणातील शिक्षकांना अपरिचित नाही. अशा मुलास आपल्या समाजाने आजवर हट्टी, लाडावलेले, भित्रे, वेंधळे, द्वाड अशी विशेषणे दिली आणि त्या विशेषणांना अनुरूप असाच उपाय केला. तो उपाय म्हणजे दटावणी, आणि दटावणीने भागले नाही तर मार.

गेल्या अर्धशतकात या वर्तनाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी निर्माण झाली आहे. ज्ञानेंद्रियांकडून येणारी संवेदने मज्जासंस्थेत घेतली जातात, निवडली जातात, एकमेकांशी जुळविली जातात, आणि मग त्यांना अनुसरून शरीराची कृती घडते. या व्यापारास संवेदनसंस्करण म्हणता येईल. काही मुलांच्या बाबतीत हा व्यापार सुरळीत होत नाही. कोणास अल्प संवेदन असह्य होते, कोणास प्रबळ संवेदनही पुरेसे जाणवत नाही, तर कोणी संवेदनांच्या शोधात अखंड धडपडत असते. एकाच मुलात यांपैकी दोन प्रकार एकत्र नांदणेही संभवते. आवाजाने व्याकूळ होणारे मूल झोक्यावर मात्र तासन्‌तास तृप्त होत नाही. डोळा शाबूत आहे, कान शाबूत आहे, बुद्धीही पुष्कळदा शाबूत आहे. अडचण आहे ती आलेल्या संवेदनांची व्यवस्था लावण्याची.

ज्ञानेंद्रियांचे शिक्षण हा विषय महाराष्ट्रास नवा नाही. तो येथे दोन वाटांनी आला. एक वाट बालवाडीची, दुसरी रुग्णालयाची. या दोन्ही वाटा मुळात एकाच शहरातून आणि एकाच मुलाच्या प्रश्नावरून निघालेल्या असूनही महाराष्ट्रात त्या दीर्घकाळ एकमेकींना भेटल्या नाहीत. त्यांची ताटातूट कशी झाली आणि तिचे परिणाम मालवण किनारपट्टीसारख्या प्रदेशातील मुलास कसे भोगावे लागले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

इ. स. १८०० च्या आरंभी फ्रान्समधील आव्हेरों प्रांतात रानात वाढलेला एक मुलगा लोकांच्या हाती लागला. पुढे त्यास पॅरिस येथे मूकबधिरांच्या संस्थेत आणण्यात आले. तेथे त्याची परीक्षा करणाऱ्यांत फिलिप पिनेल हा त्या काळचा ख्यातनाम वैद्य होता. हा मुलगा जन्मतःच मतिहीन असून त्याच्यात सुधारणा होणे शक्य नाही, असा त्याने निर्वाळा दिला. त्याच संस्थेतील तरुण वैद्य झां इतार यास हे मत मान्य झाले नाही. त्याने त्या मुलास व्हिक्टर असे नाव देऊन पाच वर्षे त्याच्यावर परिश्रम केले आणि १८०१ व १८०६ साली आपल्या प्रयोगाचे अहवाल लिहिले.

इतारने नोंदविलेली निरीक्षणे आजच्या वाचकास विलक्षण परिचित वाटतात. पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला तरी हा मुलगा दचकत नसे, परंतु अक्रोड फोडल्याचा बारीक आवाज झाला की तत्काळ मान वळवी. उकळत्या पाण्यातून तो हाताने बटाटे काढून घेई. कान ऐकतो, त्वचाही निरोगी आहे, मग संवेदनांची ही विचित्र निवड का, असा प्रश्न इतारला पडला. इंद्रियांना शिकवावे लागते, आणि इंद्रिये शिकल्यावाचून बुद्धी जागी होत नाही, असे उत्तर त्याने दिले. त्वचेची जाणीव वाढावी म्हणून तो त्या मुलास रोज दीर्घकाळ ऊन पाण्याने स्नान घालवीत असे. व्हिक्टर बोलावयास शिकला नाही आणि इतारला आपला प्रयत्न बव्हंशी अयशस्वी वाटला. परंतु त्याची पद्धती टिकली.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने १८४६ साली मंदबुद्धी मुलांच्या शिक्षणावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे तो अमेरिकेस गेला व १८६६ साली त्याने इंग्रजीत याच विषयावर दुसरा ग्रंथ लिहिला. आधी स्नायूंचे शिक्षण, मग इंद्रियांचे, मग बुद्धीचे, असा त्याचा क्रम होता. रोममधील तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०० च्या सुमारास मंदबुद्धी मुलांसाठी काम करताना इतार आणि सेगँ यांचे लेखन स्वहस्ते उतरवून काढले, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी जे बालगृह उघडले तेथे हीच साधने निर्व्यंग मुलांच्या हाती दिली. येथे एक स्थित्यंतर घडले. ज्या मुलांसाठी ज्ञानेंद्रिय-शिक्षण जन्मास आले ती मुले मागे राहिली, आणि त्यांच्यासाठी घडविलेली साधने सर्वसाधारण बालशाळेची साधने बनली. माँटेसरीबाईंनी हे ऋण लपविले नाही. परंतु त्यांची पद्धती जगभर पसरली ती बालशाळेची पद्धती म्हणून.

दुसरीकडे पिनेलचे नाव दुसऱ्याच परंपरेशी जोडले गेले. मनोरुग्णांच्या बेड्या काढून त्यांना ममतेने वागवावे, नियमित उद्योगात गुंतवावे, हा विचार त्याने १८०१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. उद्योग हाच उपचार, या कल्पनेचा वंश पुढे वाढत जाऊन १९१७ साली अमेरिकेत व्यवसायोपचाराच्या पुरस्कारासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. विसाव्या शतकातील व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आपली वंशावळ पिनेलपर्यंत नेतो. ज्या मुलाविषयी पिनेल व इतार यांचा मतभेद झाला त्याच्यापासून अशा दोन शाखा फुटल्या. इतारची शाळेत गेली, पिनेलची रुग्णालयात.

३

पहिली शाखा महाराष्ट्रात आली ती गुजरातमार्गे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्या दशकात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या व दादर येथे शिशुविहार उभे राहिले. मराठी सुशिक्षित मध्यमवर्गास बालशिक्षणाची ओळख झाली ती प्रामुख्याने या कार्यातून आणि ‘शिक्षण पत्रिके’तून. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या.

तथापि ताराबाईंचे वैशिष्ट्य निराळे आहे. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साहाय्याने त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र चालविले. परदेशी घडणीची लाकडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले यांतूनच रंग, आकार, वजन, खरबरीतपणा यांचे पाठ रचण्यात आले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना यांचा उगम येथे आहे. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा तिच्या गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी हेच नाव मिळाले. ज्या योजनेने देशभर खेडोपाडी केंद्रे उघडली तिच्या नावामागे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील हा प्रयोग उभा आहे.

येथे एका मोहापासून दूर राहिले पाहिजे. शिंपले आणि वाळू हाताळणारी बालवाडी पाहून ताराबाईंनी संवेदनसंस्करणाचे आधुनिक शास्त्र आधीच ओळखले होते, असे म्हणावेसे वाटेल. ते अनैतिहासिक होईल. माँटेसरी परंपरेतील ज्ञानेंद्रिय-शिक्षणाचा उद्देश भेदज्ञान हा आहे: हा गोळा जड, तो हलका; हा पृष्ठभाग गुळगुळीत, तो खरखरीत. मूल आनंदाने स्पर्श करील, हे त्यात गृहीत धरलेले असते. स्पर्शच ज्याला सोसवत नाही अशा मुलाचा विचार त्या साधनांच्या रचनेत नाही. बालवाडीच्या दिनक्रमात मुलांना न्हाऊ-माखू घालणे, केस विंचरणे, नखे काढणे यांना मोठे स्थान होते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु स्पर्शाने त्रस्त होणाऱ्या मुलास दिवसाचा तोच भाग सर्वांत कठीण जात असला पाहिजे. तेव्हा ताराबाईंच्या कार्याचे महत्त्व त्यांनी हा प्रश्न सोडविला यात शोधू नये. ते इंद्रियांचे शिक्षण गावच्या वस्तूंनी आणि गावच्या बाईकडून होऊ शकते हे सिद्ध करण्यात आहे. हा धागा पुढे उपयोगी पडणार आहे.

४

दुसरी शाखा मुंबईच्या परळ भागात रुजली. राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले के. ई. एम., १९२६ साली, नूतन बालशिक्षण संघाच्याच वर्षी, सुरू झाले. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन १९५० साली या रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा स्थापन केली. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञांची संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक संघाच्या संस्थापक-सदस्य देशांत भारताची गणना झाली. आरंभीच्या काळात या शास्त्राचे लक्ष अपघात, पोलिओ, पक्षाघात यांनी पंगू झालेल्या रुग्णांकडे अधिक होते.

संवेदनसंस्करणाचा सिद्धांत मांडला तो याच व्यवसायातील एका स्त्रीने. कॅलिफोर्नियातील व्यवसायोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ जीन एअर्स (१९२०–१९८८) यांनी १९७२ साली संवेदनांचे एकात्मीकरण आणि अध्ययनातील अडचणी या विषयावर आपला प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या दर्शनांनी पाच ज्ञानेंद्रिये मानली. एअर्सबाईंनी भर दिला तो त्यांपैकी एकावर, म्हणजे त्वचेवर. आणि त्याखेरीज त्या पाचांत न मोजलेल्या दोघांवर. एक, अंतःकर्णातील समतोलाचे इंद्रिय, ज्यामुळे शरीर कलले, फिरले वा वेगाने पुढे गेले हे कळते; दुसरे, स्नायू व सांधे यांतून मिळणारे अंगस्थितीचे ज्ञान, ज्यामुळे डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे सांगता येते. या तिहींचा मेळ नीट बसला नाही तर वाचन-लेखनासारख्या वरच्या क्रियांचा पाया डळमळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा सिद्धांत निर्विवाद नाही, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली, संवेदनसंस्करणाचा दोष हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये, असा सल्ला दिला. या उपचाराचा समावेश व्यापक उपचार-योजनेत करण्यास मात्र तिने हरकत घेतली नाही. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती निघाली. तीत हा स्वतंत्र विकार म्हणून आला नाही. परंतु स्वमग्नतेच्या लक्षणांत संवेदनांना अति अथवा अत्यल्प प्रतिसाद देणे हे लक्षण प्रथमच समाविष्ट झाले. स्वमग्न मुलांवर ब्रिटनमध्ये केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या १३८ मुलांच्या तुलनात्मक चाचणीत, एअर्सप्रणीत उपचाराने नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ झाल्याचे दिसून आले नाही. तेव्हा अडचण खरी आहे आणि तिच्या उपचाराचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, अशा दोन विधानांत भेद करावा लागतो. पहिल्याचा स्वीकार करण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

५

आता मालवण किनाऱ्याकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी मालवण, वेंगुर्ले, देवगड हा सर्व प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. या भागाचे जीवन मुंबईच्या मनिऑर्डरीशी बांधलेले होते. घरोघरचे पुरुष परळ-लालबागच्या गिरण्यांत, आणि बायका, मुले, वृद्ध गावी, ही येथील घराची सामान्य रचना. यातून एक विपरीत वस्तुस्थिती उद्भवते. व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा उघडली ती याच गिरणी-कामगारांच्या वस्तीच्या मध्यभागी, के. ई. एम. मध्ये. म्हणजे उपचार होता तो बापाच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, आणि मूल होते सुमारे पाचशे किलोमीटरवर, एका आगबोटीच्या किंवा एस. टी.च्या लांब प्रवासापलीकडे. बापाने रुग्णालयाची इमारत रोज पाहिली असेल, पण गावाकडच्या ‘हट्टी’ पोराचा तिच्याशी काही संबंध आहे हे त्याला सांगणारा कोणी नव्हता. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर अंतराचा त्रास कमी झाला. तरी विशेष उपचारांसाठी गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई गाठण्याची रीत काही अंशी चालू राहिली.

गावच्या जीवनात अशा मुलास आधार नव्हताच, असे मात्र म्हणता येणार नाही. रापणीचा दोर ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, सोडणे सोलणे, काथ्याचा सुंभ वळणे, या साऱ्या कामांत स्नायू व सांध्यांना भरपूर ताण मिळतो. आणि अशा जड कामाने चंचल मूल काही वेळ स्थिरावते, हा व्यवसायोपचारतज्ज्ञांचाही अनुभव आहे. सागरगोट्यांनी हात आणि डोळा यांचा मेळ बसतो, झोपाळ्याने समतोलाच्या इंद्रियास चालना मिळते. सावंतवाडीच्या चितारआळीतील कातीव लाकडी फळे व खेळणी रंग-आकारांचे ज्ञान देण्यास माँटेसरीच्या लाकडी साधनांहून उणी नाहीत. परंतु येथेही भाबडेपणा नको. याच गावात सुकत घातलेल्या मासळीचा उग्र दर्प आहे, जत्रेतील रात्रभर चालणारा दशावतार आहे, गणपतीतील आरत्यांचा व झांजांचा गजर आहे. एका मुलास जे सुखाचे तेच दुसऱ्यास असह्य. शिवाय मुलांचे श्रम हे गरजेपोटी होते, कोणी त्यांची मात्रा ठरवून दिलेली नव्हती. आणि ज्यास ते जमले नाही त्याच्या वाट्यास ‘कामाचा नाही’ हा शिक्का आला. पुढे यांत्रिक मासेमारीपुढे रापण मागे पडली, घरोघर नळ व पंप आले, आणि हा नकळत मिळणारा आधारही विरळ झाला. शिक्का मात्र राहिला.

६

कायद्याच्या इतिहासातही या मुलाचे स्थान असेच अनिश्चित आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकार होते. स्वमग्नतेस १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात प्रकारांची संख्या एकवीस झाली, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या. ज्या मुलाची अडचण केवळ संवेदनसंस्करणाची आहे त्यास या एकवीसांत स्वतंत्र जागा नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही आणि सवलतही नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने विकासातील विलंब शोधण्यासाठी तपासणी पथके व जिल्हास्तरीय केंद्रांची योजना केली, आणि २०२३ साली दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती केंद्राने प्रसिद्ध केली. म्हणजे दीर्घ वियोगानंतर इतारची शाखा व पिनेलची शाखा यांची भेट निदान कागदावर तरी घडली आहे, आणि भेटीचे स्थळ अंगणवाडी हे आहे. ज्या अडचणीच्या मुलापासून ज्ञानेंद्रिय-शिक्षण निघाले त्याच्याकडे ते परत येत आहे.

ही भेट प्रत्यक्षात उतरावयाची तर तिला खर्च थोडा आणि दृष्टी अधिक लागेल. प्रथम कान व डोळे यांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, कारण ऐकू न येणाऱ्या मुलास बेपर्वा ठरविण्याची चूक सर्वांत जुनी आहे. त्यानंतर निरीक्षण: मूल केव्हा बिथरते, त्यापूर्वी काय घडले, कशाने शांत होते, याची सेविकेने साध्या वहीत नोंद ठेवावी. ढोल वाजणार असेल तर मुलास आधी सांगावे आणि दूर उभे राहण्याची मुभा द्यावी. पाठीमागून अवचित हलका स्पर्श करण्याऐवजी समोरून, सांगून, ठाम स्पर्श करावा. वाळू, चिखल, रंग यांत हात घालण्याची सक्ती करू नये. मूल आधी करवंटीने वाळू उकरील, मग बोटाने, मग कदाचित मुठीने. चंचल मुलास पाण्याची कळशी, सतरंजीची घडी, नारळाची टोपली अशी त्याच्या शक्तीनुसार कामे द्यावीत. खोलीत एक निवांत कोपरा असावा आणि तेथे जाणे ही शिक्षा समजली जाऊ नये. यांत महाग साधन एकही नाही. ताराबाईंनी बोर्डीस जे सिद्ध केले त्याचाच हा विस्तार आहे. फरक एवढाच की त्यांनी वस्तू मुलाच्या परिसरातून घेतल्या, आता त्या वस्तूंची मात्रा प्रत्येक मुलाच्या सोसण्याप्रमाणे ठरवावयाची आहे. अर्थात तज्ज्ञाची जागा सेविका घेऊ शकणार नाही. परंतु तज्ज्ञाकडे मूल कधी पाठवावे हे तिला कळले, आणि पाठविलेल्या मुलाविषयी तज्ज्ञाने तिला उत्तर दिले, तर दोन परंपरांमधील दीर्घ अबोला संपेल.

७

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी या विषयात काम पुष्कळ आहे. बालशिक्षणाचा इतिहास संस्था आणि संस्थापक यांच्या चरित्रांतून लिहिला गेला. बालवाडीत न रमलेल्या मुलांचा इतिहास लिहिला गेला नाही. तो लिहावयाचा तर निवृत्त बालवाडी-शिक्षिका व अंगणवाडी सेविका यांच्या आठवणी संकलित केल्या पाहिजेत, जुन्या बालशिक्षणविषयक नियतकालिकांत ‘हट्ट’, ‘भित्रेपणा’, ‘ओढाळपणा’ या शीर्षकांखाली काय लिहिले गेले ते नव्याने वाचले पाहिजे, आणि मालवणी बोलीत अशा मुलांसाठी रूढ असलेले शब्द नोंदविले पाहिजेत. समाजाने मुलास कोणते नाव दिले यावर त्याच्याशी कसे वागावे हे ठरत आले आहे. पिनेलने व्हिक्टरला मतिहीन म्हटले, इतारने न शिकविलेला म्हटले. वस्तुतः मुलगा एकच होता. नावातील या फरकामुळे एका निर्णयाने दार बंद झाले असते, दुसऱ्याने दोनशे वर्षांच्या शिक्षणशास्त्राचा आरंभ केला. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने शाळेतील मार व मानसिक छळ यांस बंदी केली आहे. मात्र ‘द्वाड’ हा शब्द कोणत्याही कायद्याने जात नसतो. त्याच्या जागी अधिक यथार्थ शब्द आणून ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावरील एखाद्या मुलाचा शाळेतील पहिला दिवस कसा जाईल हे काही प्रमाणात त्या शब्दावर अवलंबून राहील.